नेलचं काम

निघाला ना पंजातला काटा? बघा डॉक्टर, हूं की चूं केलं नाही तिने. आता हात धुवा आणि विस्तवाजवळ बसा. बाहेर धुकं उतरतंय, एवढ्यात गाडी काढू नका. चहा ठेवलाय, ओटची बिस्किटं आहेत. आणि ही कुत्री माझी कधीपासून, असं विचारलंत ना? मग ऐकाच. कुणालातरी सांगायचंच होतं मला.

नेल मुळात फार्करची. फार्कर म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात जुना मेंढपाळ. फेब्रुवारीत वरच्या घळीत बर्फात सापडून गेला बिचारा. लोक पोचले तेव्हा ही त्याच्या छातीवर पडून होती, उठायलाच तयार नव्हती. मी तिला उचलून घरी आणलं. जीव लावला. पण कामाला न्यावं तर ही बया ढिम्म! फार्कर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे शिट्टीच्या शेवटी फुस्स करून हवा सुटायची. मला मेलीला शिट्टी येतच नाही. मी आपली घसा फोडून ओरडायची आणि नेल डोंगराकडे तोंड करून बसायची.

सप्टेंबर आला, मेंढ्या खाली उतरवायचा दिवस आला. त्या दिवशी आमच्या गावात लग्नघरासारखी धांदल असते. पोरंसोरं, म्हातारे, सगळे काठ्या घेऊन डोंगराला रांग धरतात आणि मेंढ्या हाकत खालच्या वाड्यात आणतात. मी तर रात्रभर झोपलेच नव्हते. कारण इस्टेटीचा, म्हणजे या डोंगराच्या आणि मेंढ्यांच्या मालकाचा, मुकादम हेक्टर आदल्या दिवशी दारात येऊन सांगून गेला होता, "पेगीबाई, काम न करणारं कुत्रं मी ठेवत नाही. उद्या चालली तर चालली. नाहीतर संध्याकाळी बंदूक घेऊन येतो."

"माझ्या लापशीतली लापशी खाते ती! तुझ्या बापाचं काय जातं?" मी म्हटलं.

"कुत्री इस्टेटीची आहे," तो म्हणाला आणि गेला.

म्हणून मीच फार्करची जागा मागून घेतली. रांगेतलं सगळ्यात वरचं टोक, घळीच्या तोंडाशी. माझ्या खालच्या अंगाला शेजारचा रॉडी होता. तो ओरडला, "पेगी, आज तू कुत्रीला हाकणार की कुत्री तुला?" सगळे खो खो हसले. मीही हसले. 

आणि वर पोचतो न पोचतो तोच धुकं आलं. रॉडी दिसेना, माझी काठीसुद्धा अर्धीच दिसत होती. समोर पन्नासेक मेंढ्या होत्या, त्यांचं नुसतं खोकणं ऐकू येत होतं. "जा नेल! जा गं माझी बाय!" मी ओरडले. नेल खाली बसली. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात शिट्टी आली.

नेल बाणासारखी सुटली! अहो, काय सांगू तुम्हाला, मी जागच्या जागी नाचले. चालली! माझी नेल चालली! मला वाटलं रॉडीच मारतोय शिट्टी, देव त्याचं भलं करो. ही मोठा वळसा घेऊन मेंढ्यांच्या मागे गेली, त्यांना एकत्र केलं. सगळा कळप माझ्या अंगाला घासत पुढे निघाला आणि मी हसत, धापा टाकत त्यांच्याबरोबर.

धापा टाकत. ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं... उतरताना कुणी धापा टाकतं का?

मी चढत होते. मेंढ्याही चढत होत्या. ओल्या लोकरीचा वास जाऊन भर सप्टेंबरात बर्फाचा वास येत होता. पुन्हा शिट्टी झाली. वरून, घळीतून. आणि शेवटी... फुस्स.

मी मागे फिरले. खालच्या बाजूला नेल पोट जमिनीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी डावीकडे सरकले, ती डावीकडे सरकली. मी उजवीकडे गेले, ती आधीच तिथे. तुम्ही तर जनावरांचेच डॉक्टर, तुम्हाला सांगायला नको. कुत्रं मेंढ्या आणून देतं ते शिट्टी मारणाऱ्याला.

मी एक पाऊल मागे टाकलं. टाचेखालचा दगड सुटला. तो पडल्याचा आवाज काही केल्या येईना.

फार्कर रोज संध्याकाळी काम संपवताना तिला एवढंच बोलायचा, ते मला आठवलं.  मी म्हटलं, "पुरे नेल. झालं काम."

तिने कान हलवले. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि शेपटी हलवत आली, हात चाटला. मग दोघींनी मिळून सगळा कळप खाली आणला.

वाड्यात नुसता जल्लोष! हेक्टरने टोपी काढली. "पेगीबाई, शब्द मागे घेतो. ही कुत्री आता म्हातारी होऊनच मरेल." मी नेलचे मुके घेतले. तेवढ्यात रॉडी म्हणाला, "आणि शिट्टी कधी शिकलीस गं? हुबेहूब फार्कर!"

खरं सांगितलं असतं तर हेक्टरने बंदूक आणलीच असती. मी म्हटलं, "शिकले आपली."

मग सगळे वाड्याच्या बुटक्या भिंतीवर कप ठेवून चहा ओतत होते, थट्टा चालली होती. धुकं वाड्यापर्यंत उतरलं. शिट्टी झाली, अगदी जवळून. नेल माझ्या पायांशी होती ती उठली आणि आम्हा सगळ्यांच्या मागून मोठा वळसा घेऊन गेली. मी हळूच म्हटलं, "पुरे नेल. झालं काम." तिने ऐकलंच नाही.

गप्पा चालूच होत्या. कुणाला काही कळलं नाही. शेवटी रॉडी म्हणाला, "अरे, माझा कप कुठाय?"

कप मागे राहिले होते, पार त्या टोकाच्या भिंतीवर, वाफाळत. आणि आम्ही सगळे डोंगराकडच्या फाटकाशी दाटीवाटीने उभे. फाटकाची कडी मीच काढलेली होती, कधी ते मलाच कळलं नाही.

ते जाऊ दे. तिला काही करू नका डॉक्टर, गुणी आहे हो माझी नेल. ती बघा, तुमच्या मागेच बसलीये...

पण डॉक्टर, तुम्ही तर विस्तवाजवळ बसला होतात ना? खुर्ची दारापाशी कधी नेलीत?