वाया गेलेला रोल

दवाखान्याच्या जिन्यात बसून कॅमेऱ्यात रोल भरू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. पेशंट कितीही ओरडला तरी तिच्या हातातला चिमटा हलत नसे. पण मामाच्या त्या जुन्या, दोन भिंगांच्या कॅमेऱ्यापुढे तिची पार त्रेधा उडायची. आताही रीळ हातातून सुटलं आणि कागदाचं लांब शेपूट सोडत पायऱ्या उतरत गेलं... ते थांबलं एका बुटापाशी.

बूट समोरच्या दुकानातल्या फोटोवाल्याचे होते. तो एका हाताने गाल धरून दाढ दाखवायला वर येत होता. त्याने रीळ उचललं, गुंडाळत गुंडाळत वर आला आणि शेवटी दोघांच्या बोटांमध्ये वीतभर कागद तेवढा उरला.

"हा गेला," तो म्हणाला. "सगळ्याला ऊन लागलं."

"आधीचा कोरा आला होता. निदान ह्याला ऊन तरी लागलं," ती म्हणाली.

तो हसला, मग कळवळला, मग तिथेच एक पायरी खाली बसून शिकवायला लागला. भरलेलं रीळ खाली, रिकामं वर. कागदाची काळी बाजू भिंगाकडे, आकडे आपल्याकडे. नाहीतर फिल्मच्या तोंडावर कागद येतो आणि फोटो येत नाहीत. टोक रिकाम्या रिळाच्या फटीत घालायचं, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या ठिपक्यासमोर येईपर्यंत फिरवायचं, मगच पाठ बंद करायची. ती लक्ष देऊन ऐकत होती, फक्त अधूनमधून त्याच्या हातांकडे बघताना शब्द निसटत होते. दाढ दाखवायची राहिली ती राहिलीच.

तिला घाई होती. मामाने अट घातली होती, येत्या रविवारपर्यंत एका रोलचे बाराच्या बारा फोटो नीट काढून दाखव, तर कॅमेरा तुझा, नाहीतर मावसभावाला. मावसभाऊ तो काचेच्या कपाटात माशांच्या टाकीशेजारी ठेवणार होता. लहानपणी मामाच्या मांडीवर बसून त्या कॅमेऱ्यात डोकावलेली ही मुलगी, तिच्या जिवाला ते कसं सोसावं?

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याने तिला दोन रोल दिले. एक नवा, आणि एक तो जिन्यातला वाया गेलेला, पुन्हा गुंडाळून ठेवलेला, सरावासाठी. त्याच्यावर त्याने पेन्सिलीने फुली मारली.

मग काय, फुलीवाला रोल कॅमेऱ्यात गेला आणि कॅमेरा दवाखान्याच्या खिडकीत. मान खाली घालून कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या काचेत बघितलं की समोरचं दुकान दिसायचं, उजव्याचं डावं होऊन, पण दिसायचं. फोटोवाला गिऱ्हाइकाची हनुवटी वर करताना. फोटोवाला गालाला हात लावून, बहुधा काही गहन विचारात. रोल मेलेला, मग भीती कसली? सवड मिळेल तशी ती खटका दाबत गेली. हल्ली तो रोज इस्त्रीचे शर्ट घालतो, धंदा बरा चालला असावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

नव्या रोलवर तिने पूल काढला, बाजार काढला, केस वाळवणारी आई काढली, आणि शनिवारी तो त्याच्याकडे धुवायला दिला.

तो अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी होती.

"कोरी असती तर तुमची चूक," तो म्हणाला. "काळी आहे म्हणजे ऊन खाल्लेली. हा जिन्यातला रोल. मी फुली भलत्यावर मारली."

"असं कसं झालं?"

"लक्ष नव्हतं रोलकडे." मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे सरावाचा रोल नवा होता. त्यावर काय काढलंत?"

तिने पर्स घट्ट धरली. काहीबाही, ती म्हणाली. फेकून द्या तो. पण मामाची अट त्याला माहीत होती, आणि उद्या रविवार होता. माशांची टाकी डोळ्यांपुढे आली तशी तिने पर्समधून रोल काढला आणि त्याच्याकडे न बघता पुढे केला.

तासाभराने त्याने ओल्या फोटोंचा कागद टेबलावर ठेवला. बाराही फोटो स्वच्छ आले होते. बाराही त्याचे.

"मला वाटलं, येणारच नाहीत..." ती पुटपुटली.

"मलाही." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. "डोळे बघा माझे."

तिने बघितलं. हात हनुवटीवर असो, गालावर असो, प्रत्येक फोटोत तो वर, खिडकीकडेच बघत होता.

"कॅमेरा माझ्यावर आहे हे कळत होतं," तो म्हणाला. "पण रोल वाया गेलेला... म्हणून निर्धास्त बघत होतो. शर्टाला इस्त्री तेवढी करायचो."

"आणि गालावर हात?"

"दाढ दुखते अजून."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग वर का नाही आलास?" असं म्हणून झाल्यावर आपण अरेतुरेवर आलो हे तिच्या लक्षात आलं, तो मात्र खूश दिसला.

रविवारी मामाने चष्मा पुसून एकेक फोटो पाहिला. आईने खांद्यावरून पाहिला, दोनदा.

"बाराही फोटोंत एकच माणूस. दुसरं काही सापडलं नाही?"

"मला आवडतो तो, मामा."

"ते दिसतंय. रोल कुणी भरला ते सांग."

"मी."

"मग कॅमेरा तुझा." मामाने चष्मा काढला. "आणि मघापासून खाली गाल धरून उभा आहे, त्याला वर बोलाव. तेरावा मी काढतो."

तिने मामाच्या देखत नवा रोल भरला. काळी बाजू भिंगाकडे, बाण ठिपक्यासमोर. हात जराही कापला नाही. फोटोवाला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आज सुजलेल्या गालासकट. मामाने मान खाली घातली आणि बराच वेळ काचेत बघत राहिला.

"काढ ना, मामा."

"काढतो की. दोघं आधी इकडे बघा. एकमेकांकडे काय, जन्मभर बघायचंय."