पायरीवरचे आकडे

एकादशीच्या सकाळी मी काशीतल्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या खराट्याने घासत होते. बाबा इथले तीर्थपुरोहित. त्यांच्या आसनाभोवतालच्या पायऱ्या दर एकादशीला धुवायच्या, हे माझं काम. कुणा रिकामटेकड्याने गेरूने लिहिलेले आकडे मी अगदी मन लावून पुसले.

"अरे, ये क्या कर रही हैं आप!"

वळून पाहिलं... उन्हाने रापलेला चेहरा, हातात थर्मामीटर.

"धुतेय! दिसत नाही?" मी मराठीतच तडकले.

"मराठी? मग मराठीतच रडतो." तो मटकन खाली बसला. "बारा दिवसांची मेहनत होती हो ती."

हा मुकुल. घरचा मराठीच; वडील रेल्वेच्या बदलीने इथे आलेले, हा विद्यापीठात. हवामान बदलावर शहरातल्या पोरांना जागं करत फिरणारा. रोज दुपारी बाराला दगड किती तापला ते मोजायचा आणि तिथेच लिहायचा, सगळ्यांनी वाचावं म्हणून. अनवाणी यात्रेकरूंसाठी घाटावर मंडप हवा होता. शुक्रवारी महापालिकेतल्या साहेबांसमोर तेच आकडे मांडायचे होते.

"फोटो तर असतील ना?"

"होते. परवा नावेतून फोन पडला... आता गंगामैयाकडे आहेत."

अपराधी मनाने मी बारापर्यंत थांबले. तो मोजायला वाकला, तेवढ्यात एक म्हातारी पाय भाजत, उड्या मारत आली. त्याने आपल्या चपला काढून तिच्या पायांत सरकवल्या आणि तापल्या दगडावर उभा राहून आकडा लिहिला — ५७. माझी विकेट तिथेच गेली.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरून जुनी पंचांगं काढली. दगड तापला की बाबा आसनावरून उठतात आणि तिथीपुढे वेळ लिहून ठेवतात, हे मी लहानपणापासून पाहत होते. त्याचं मोल आज कळलं. वीस वर्षांपूर्वीचा वैशाख : 'साडेबाराला उठलो.' यंदाचा : 'दहाला उठलो.'

शुक्रवारी मुकुलने ती पंचांगं वाचून दाखवली. आवाज अगदी ठाम. किती अभिमान वाटला मला!

"ये सब लिखा किसने?" साहेबांनी विचारलं.

"इनके पिताजी ने. और मेरा लिखा मिटाया इन्होंने."

सगळे हसले. मी लाजून लाल... मंडप मात्र मंजूर झाला.

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी बाबा मंडपाखाली भर दुपारी निवांत बसले होते. मुकुलने सावलीतल्या पायरीवर आकडा लिहिला — ३९. मग त्याच्याशेजारी, हळूच माझं नाव — बकुळ.

"आवडतेस तू मला," तो खाली बघतच म्हणाला. "हे तरी पुसणार नाहीस ना?"

"उद्या एकादशी आहे. पुसावंच लागेल."

त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या हातातला गेरू घेतला, पदराला बांधला आणि म्हटलं,

"रोज मागायला ये... रोज लिही."