पहिल्याने जोडलेली तार

दार लोटून घ्या. मोबाईल खिशात घाला. मध्ये कोणी हसलं तर मी उठून जाईन. ज्याच्या बाबतीत हे झालं तो फिटर माझ्या ओळखीचा. नळाची कामं करतो. थापा मारायला त्याला फुरसत नाही.

फिटरने लग्न केलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर. बाई शिक्षिका, विधवा. घर तिचंच. पहिला नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. फिटर राहायला आला तेव्हा त्या माणसाचे कपडे वाटून झाले होते, फोटो उतरला होता. मागे राहिला होता तो जिन्याखालचा डबा.

डबा म्हणजे जुना कॉम्प्युटर. ना पडदा, ना बटणं. आत लिनक्स. त्या भागात मोबाईलला रेंज नाही. इंटरनेट अजून टेलिफोनच्या तारेवरून येतं, आणि घरात तार एकच. म्हणून पहिल्या नवऱ्याने तो बसवला होता. कॉम्प्युटर दोन, एक वर, एक खाली. कुठल्याही एकावर कोणी काही मागितलं की डबा आपणहून फोन लावायचा, जोडणी होईस्तोवर किंचाळायचा आणि इंटरनेट दोघांना वाटून द्यायचा.

तो किंचाळला की बायको जेवताजेवता म्हणायची, "लागला बघा. त्यांनी लावून दिलं तेव्हापासून एकदा बंद पडलेलं नाही."

फिटरचा घास तोंडात फिरायचा.

"काढून टाकू का? धूळ खातोय नुसता," तो एकदा म्हणाला.

"हात लावू नका हं. नळ नाही तो तुमचा."

हे जिव्हारी लागलं. सगळ्या घराचे नळ त्याने बदलले होते. कोणी नाव काढलं नव्हतं. या घरात एक तरी गोष्ट आपल्यामुळे चालावी, आणि तिने ते तोंडाने म्हणावं. बस, एवढंच त्याला हवं होतं.

सतरा फेब्रुवारी, मंगळवार. बाई थोरल्या बहिणीकडे मुक्कामाला गेली. फिटरने संध्याकाळी दुकानातून तसाच दुसरा डबा तयार करून आणला. जुना उचलून मागच्या खोलीत टाकला. नवा बसवला. वर जाऊन पाहिलं, इंटरनेट आलं. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून तो आडवा झाला. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

एक वाजून दहा मिनिटांनी डब्याने फोन लावला.

फिटर उठून बसला. डबा फोन लावतो कधी? घरात कोणी मागितलं की. घरात तर तो एकटा.

वर गेला. कॉम्प्युटर बंद. खाली आला. तोही बंद. त्याने दोन्हीकडे जाणाऱ्या तारा डब्यातून उपटल्या. आता मागणारं कोणी उरलं नाही...

डबा गप्प झाला.

मग आकडे वाजू लागले. सावकाश. कोणी आठवून आठवून दाबावेत तसे.

पलीकडे फोन उचलला गेला. डब्यातून बायकोचा आवाज आला. झोपेतला.

"कोण?"

...

"तुम्ही? अगंबाई... किती दिवसांनी..."

इतका मऊ आवाज फिटरने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अंगाची लाहीलाही झाली. भीती नंतर वाटली.

"अगं, मी आहे! मी बोलतोय!"

तिला ऐकू जात नव्हतं.

"हो... हो... थांबा, लिहून घेते."

"कोणाशी बोलतेस?"

"...बरं. सांगते त्यांना."

त्यांना. आता परका फिटर होता.

त्याने टेलिफोनची तार हिसडून काढली. तार हातात आली. तरी डब्यात तिचा श्वास ऐकू येत होता...

मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई परतली. तिने जिन्याखाली पाहिलं.

"हे कोणी बदललं?"

"मी."

ती चिडली नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "ताई म्हणते, रात्री मी झोपेत उठून फोन घेतला आणि हे लिहिलं. मला काहीच आठवत नाही. बघा, तुम्हाला काही कळतंय का."

अक्षर तिचंच.

'उपटलेल्या तारा परत लाव. वरची डावीकडे. पाच मिनिटं कोणी वापरलं नाही तर फोन सोडायचा, हे नव्या डब्याला शिकवायचं राहिलंय.'

खाली जागा सोडून आणखी एक ओळ.

'रात्री ती अंगावरचं पांघरूण टाकून देते. उठून घालत जा.'

फिटरने कागद खिशात घातला. टेलिफोनची तार लावली, मग त्या दोन्ही. वरची डावीकडे. लगेच चालू झालं.

"तुम्ही केलंत?" बाई कौतुकाने म्हणाली. "कमाल आहे हो तुमची."

हेच ऐकायला तो तळमळत होता ना? मान खाली घालून हात धुवायला गेला.

तेव्हापासून फिटर रोज रात्री उठतो. कधी तीनला. कधी दोनला. कधी झोपतच नाही, नुसता डोळे मिटून पडतो, आणि जरा डुलकी लागली की दचकून तिच्याकडे पाहतो...

पांघरूण आधीच घातलेलं असतं. पायाखाली नीट दुमडून.