मामींच्या कपाळावरची पट्टी

कराडच्या डॉ. यशोधन निकमांच्या दवाखान्यात शिरताना लोक दोन गोष्टी आपसूक करत. चपला बाहेर काढत आणि कपाळाला पट्टी बांधत. पट्टी कापडाचीच, बोटभर रुंद. फक्त आतल्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढे संवेदक शिवलेले. मेंदूतल्या लहरी आणि तिथली रक्ताची धावपळ पाहून माणसाला किती दुखते आहे, हे ती ओळखायची. भिंतीवरच्या पडद्यावर रंग उमटे. दुखत नसेल तर हिरवा, सोसण्याजोगे असेल तर पिवळा आणि त्यापुढे लाल. ती बनवणाऱ्या पुण्याच्या अभियंत्यांनी तिचे ‘व्यथामापक’ असे भारदस्त नाव ठेवले होते. कराडात सगळे नुसते पट्टी म्हणत. कुठे दुखते ते ती सांगत नसे, का दुखते तेही नाही. किती, एवढेच.

यशोधन ॲक्युपंक्चर करी. त्याच्याबरोबर शिकलेले डॉक्टर त्याला ‘टाचणीबहाद्दर’ म्हणत आणि तो हसण्यावारी नेई, पण ते त्याला लागायचे. नव्या रोग्याला तो न कंटाळता समजावून सांगे. सुई केसासारखी बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटेल, मग तिथे जरा जड होईल, झिणझिण्या येतील. स्वस्थ पडून राहा, डोळा लागला तर लागू द्या. कुणाच्या पाठीला तो काचेचे पेले लावी. आपल्या आज्या तुंबड्या लावायच्या तसलेच, लाल वर्तुळे उठतील, घाबरू नका, असे आधीच सांगून ठेवी. कुणाला नागदवणा या औषधी झुडपाच्या वाळल्या पानांची वात पेटवून लांबून शेक देई. आणि शेवटी न चुकता म्हणे, सगळ्यांनाच गुण येतो असे नाही.

पट्टीने त्याची मान ताठ केली होती. पुष्कळांचा लाल रंग सुया काढेपर्यंत पिवळ्यावर येई, आणि ज्यांचा येत नसे त्यांना तो सरळ हाडाच्या डॉक्टरकडे धाडी. माणूस प्रामाणिक होता. पण प्रामाणिक माणसालाही घरात एखादा कोपरा असा असतो, जिथे तो दिवा घेऊन जात नाही. यशोधनच्या बाबतीत तो कोपरा म्हणजे त्याच्या सासूबाई, शुभांगीबाई मोहिते.

शुभांगीबाईंची कंबर पट्टी यायच्या आधीपासून धरलेली होती. कळ पायात उतरायची. यशोधन दर आठवड्याला उंब्रजला त्यांच्या घरी जाऊन सुया लावी. सुया काढता काढता म्हणे, “मामी, आता पुष्कळच हलकं वाटत असेल.” मामी म्हणत, “व्हय तर, निम्मं गेलं बघा.” मग उठून त्याच्यासाठी चहा ठेवत. अधिक महिन्यात जावयाला द्यायचे अनारसेही त्यांनी विकतचे आणले नाहीत, चुलीपुढे बसून स्वतः तळले. मामी बऱ्या झाल्या याचा यापेक्षा मोठा पुरावा यशोधनला नको होता. तो सगळीकडे त्यांचा दाखला देई.

पट्टी मात्र त्या काही केल्या बांधून घेत नसत. आज केस धुतलेत, आज उपास आहे, कपाळाला घट्ट काही बांधले की डोके चढते. यशोधन चेष्टेने म्हणे, मामी, यंत्र आहे, भूत नाही. मामी हसत आणि विषय बदलत.

नगरपालिकेच्या सभागृहात त्याने प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा त्याच्या मनात त्यांच्याशिवाय दुसरे नाव आले नाही. जिल्ह्यातले डॉक्टर येणार होते, टाचणीबहाद्दर म्हणणारेही. मामींनी दोनदा आढेवेढे घेतले. तिसऱ्यांदा जावई स्वतः गाडी घेऊन दारात उभा राहिल्यावर नाही म्हणणार कसे? त्या नवी साडी नेसून आल्या.

व्यासपीठावर त्याने त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली. मागच्या भिंतीवरचा पडदा लाल झाला. सुरुवातीला असा असतोच, असे सांगत त्याने हाताला, गुडघ्याखाली, घोट्याजवळ सुया लावल्या आणि तो सभेला माहिती देत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने ध्वनिक्षेपक मामींपुढे धरला. त्या हसून म्हणाल्या, “लई हलकं वाटतंय.” त्यांच्या डोक्यामागे पडदा विटकरीहून गडद झाला होता. मागे वळून त्यांना तो दिसत नव्हता. सभेला दिसत होता.

कोणीतरी हसले. दुसऱ्या रांगेतून एका डॉक्टरने विचारले, “निकम, खोटं कोण बोलतंय? पट्टी की सासूबाई?” मग सगळेच हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यशोधनच्या कानशिलांना चटका बसल्यासारखे झाले आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघाले, ते त्याला पुढे कधीच परत घेता आले नाही. तो म्हणाला, “पट्टी बरोबर आहे. मामींनी नीट बसू दिली नाही, सारखं डोकं हलवतायत.”

मामींनी तत्काळ मान डोलावली. “माझंच चुकलं. मीच हलले.”

त्या दगडासारख्या स्थिर बसल्या होत्या. सभेतल्या प्रत्येकाने ते पाहिले होते.

परतताना त्याने मामींना उंब्रजला सोडले. त्या अंगणातून दाराकडे गेल्या, तेव्हा त्यांची उजव्या पायातली चप्पल वाटेतच निसटून राहिली. त्यांना ते कळलेही नाही. यशोधन त्या चपलेकडे बघत राहिला. त्याची बायको ऋतुजा गाडीत शेजारी बसली होती. ती म्हणाली की असे दिवाळीपासून होते आहे. पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायात राहत नाही.

“मला कुणीच कसं सांगितलं नाही?” त्याने विचारले.

“आईनं मला शपथ घातली होती. आणि तू कधी विचारलंस? तू स्वतःच सांगायचास, किती बरं वाटतंय ते. जावयाच्या हाताला गुण नाही, असं कोणती सासू तोंडावर म्हणेल?”

दुसऱ्या दिवशी कमरेचा एमआरआय झाला. मणक्यांमधली चकती सरकून नस चेपली होती, आणि तीही फार दिवसांपासून. शल्यविशारद सभ्य होते. त्यांनी एवढेच म्हटले की त्यांना चार-सहा महिने आधी आणले असते तर पायाची खात्री देता आली असती. आता नस मोकळी करू, कळ जाईल. पाऊल पुन्हा उचलेल की नाही, ते सांगता येत नाही. दुसऱ्या कोणाची पट्टी एकदा जरी लाल राहिली असती, तरी यशोधनने त्याला त्याच आठवड्यात इथे धाडले असते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटले. पण रुग्णालयाची फरशी भक्कम होती आणि त्याला त्यावरून चालत मामींच्या खोलीत जावे लागले.

मामी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधी पदर सारखा केला, मग त्याला बसायला सांगितले, जेवलात का विचारले. यशोधनने खाली मान घालून सगळे एका दमात बोलून टाकले. सुयांनी गुण येत नव्हता हे आपल्याला दिसायला हवे होते. सभेत आपण खोटे बोललो, आणि तेही तुमच्या नावावर.

तो थांबल्यावर मामी म्हणाल्या, “पयल्या खेपेला तुमचं तोंड बघून म्हणले, निम्मं गेलं. तुमी लई खूश झाला. मग पुढं कसं सांगायचं, की न्हाई गेलं? ऋतूच्या सासरचा प्रश्न. माझं दुखणं मला जड नव्हतं.”

त्याने खिशातून पट्टी काढली. शस्त्रक्रियेनंतर ही बांधून ठेवा, म्हणजे आता तरी कोणाला अंदाजाने चालावे लागणार नाही, असे तो म्हणाला. मामींनी पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली. मग म्हणाल्या, “मला भर सभेत बांधलीत, पण माझ्या डोक्यामागं काय दिसलं, ते मला अजून ठावं न्हाई. आधी तुमी बांधा. मला बघू द्या.”

नाही म्हणायला त्याला जागा नव्हती. त्याने कपाळ पुढे केले. मामींनी लहान मुलाला टोपडे घालावे तशी पट्टी बांधली, आणि त्याने पट्टीचा रंग दाखवणारा आपला फोन त्यांच्या हाती दिला. यशोधन धडधाकट होता, साधी डोकेदुखीही नव्हती. हिरवाच येणार, असे त्याने सांगितले.

फोनच्या काचेवर लाल रंग उमटला. तो गडद होत गेला. घाव आणि लाज यांच्यासाठी मेंदूपाशी दोन वेगळ्या खोल्या नाहीत, हे यशोधनने कधीतरी वाचले होते.

मामी घाबऱ्या झाल्या. त्यांनी फोन बाजूला ठेवला, कळ सोसत खाटेच्या कडेपर्यंत सरकल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारले, “यशोधनराव, खरं सांगा, कुठं दुखतंय तुमाला?”