बाविसावा तुकडा

सरूबाईंनी पिशवीतून आधी गोधडी काढली, मग काड्यापेटी. काड्यापेटीत कापसावर एक सुई होती, नेढ्याकडून मोडलेली.

"ही माझ्या नातीच्या खांद्यात घुसली," त्या म्हणाल्या. "कुणी घातली तेवढं सांगा. पुढचं मी बघते."

"पुढचं म्हणजे?" दिग्विजयने विचारलं.

"त्या हाताची पाचही बोटं मोडते."

नीला ओव्हाळने मान वर न करता काड्यापेटी जवळ ओढली. चाकणच्या एका कारखान्यात अठरा वर्षं तिने सुटे भाग मोजून नापास केले होते. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिने चिंचवड स्टेशनजवळ हे ऑफिस उघडलं. दिग्विजय नखाते तिचा सहकारी. रहाटणीचा मूळ गावकरी असल्यामुळे तो सगळ्यांना ओळखत असे, आणि बहुधा म्हणूनच सगळ्यांवर संशय घेत असे.

"पहिल्यापासून सांगा," नीला म्हणाली.

सरूबाई मूळच्या अंबाजोगाईकडच्या. तीस वर्षं रहाटणीत. गिऱ्हाईक जुन्या साड्या, शर्ट, परकर गाठोड्यात बांधून आणून देई, आणि त्या घरी बसून त्याची गोधडी शिवून देत. ही गोधडी मात्र चार महिन्यांच्या नातीसाठी, दिव्यासाठी होती. मंगळवारी सकाळी सुनेने बाळाला तिच्यावर निजवलं आणि बाळ किंचाळलं. सुई डॉक्टरांनी काढली. जखम चिघळली. चार दिवस दवाखान्यात गेले.

"सून पोरीला घेऊन माहेरी गेली, चिंचवडला. पोरगाही तिच्यामागं गेला. विहीणबाई म्हणते, नातू पाहिजे होता, नात झाली, म्हणून म्हातारीनं मुद्दाम केलं." सरूबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला पोरीचं तोंड बघू देईनात. एक वेळ मला फाशी द्या म्हणावं, पण असं कामून म्हणता?"

"मुद्दाम केलंत का?" नीलाने विचारलं.

दिग्विजय दचकला. सरूबाई दचकल्या नाहीत.

"सुई मोडली तर मी आधी तुकडा शोधते. सापडल्याबिगर पाणी पीत नाही. एकेचाळीस वर्षांत एक सुई हरवली नाही."

नीलाने भिंगाखाली सुईचं मोडलेलं टोक बराच वेळ पाहिलं. "गोधडी धुतली होती?"

"रविवारी. नव्या गोधडीवर न धुता बाळ निजवत नाही मी. जड असती, दीड दिवस गच्चीवर होती. सोमवारी दुपारी गिरजानं खाली आणली. माझी शेजारीण. गिऱ्हाइकांच्या गोधड्या आम्ही दोघी मिळूनच शिवतो."

"हीसुद्धा?"

"छे! नातवंडाच्या गोधडीला आमच्यात दुसरा हात लागू देत नाहीत. हिचा एकेक टाका माझा."

"गिरजाबाईंनंतर कोणाच्या हातात गेली?"

"रश्मीनं संध्याकाळी फोटो काढायला नेली. ती दुकानवाली. तासाभरात परत दिली. रात्री सुनेला दिली."

सुई जिथून वर आली ते भोक एका पिवळ्या तुकड्यात होतं. त्यावर हिरव्या पोपटांची नक्षी होती. नीलाने पट्टी लावून टाके मोजले. इंचाला सहा. पोपटांवरही सहाच, रेषेला रेषा.

"मग हात तर एकच दिसतोय," दिग्विजय पुटपुटला.

"सरूबाई, हे सगळे तुकडे कुठले ते आठवतं?"

म्हातारीचा चेहरा उजळला. बोट एकेका चौकटीवर फिरू लागलं. हे माझ्या लग्नातलं लुगडं. हा माझ्या नवनाथचा पहिलीतला शर्ट. ही ह्यांची लुंगी. ही सुनेच्या डोहाळजेवणाची साडी, चहा सांडला म्हणून टाकत होती येडी. एकवीस तुकडे, एकवीस माणसं.

"आणि हा पोपटांचा?"

"हा असाच. कुणाच्या तरी गाठोड्यातला." बोट तिथे टेकलं नाही.

रश्मीचं दुकान पिंपळे सौदागरला होतं. आत तीन मशिनं धडधडत होती आणि भिंतीला पॉलिएस्टर दोऱ्याचे कोन लावले होते.

"सरूबाईंनी चार सोसायट्यांत माझं नाव खराब केलं," ती म्हणाली. "काय तर म्हणे, मी त्यांच्या गोधडीला माझं लेबल लावते. लावते की! विकते कोण? उद्या त्यांचं वाटोळं झालं तर मी पेढे वाटीन, मॅडम. लिहून घ्या."

"घेतलं," दिग्विजय म्हणाला.

"पण बाळाला सुई? तेवढं मला जमायचं नाही."

"भांडण असताना त्यांनी गोधडी दिली कशी?" नीलाने विचारलं.

"नातीची गोधडी मिरवायची होती. माझ्यापेक्षा चांगला फोटो कोण काढणार?"

"हाताने शिवता कधी?"

"एवढा वेळ कुणाला आहे?"

चिंचवडच्या फ्लॅटमध्ये सरूबाईंच्या सुनेने, स्वप्नालीने, दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. तिच्या खांद्यावर दिव्या झोपली होती. पट्टी बाळाच्या पाठीपर्यंत आली होती. मागे नवनाथ कंपनीच्या गणवेशात उभा होता. त्याच्या शर्टाला एका बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

"त्यांना मुलगा हवा होता," स्वप्नाली म्हणाली.

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दवाखान्यात तोंड बघितलं मी."

"आई तशी नाही गं," नवनाथ हळूच म्हणाला.

"मग सुई आपोआप चालत आली का? तू गप बस. तुझी शिफ्ट आहे ना?"

जिन्यात दिग्विजयला राहवलं नाही. "मॅडम, सून हाय बघा. सासूपासून सुटायचं होतं, सुटली."

"पोटच्या पोरीला भोसकून?"

"जग लई वाईट हाय."

"जग असेल. पण तिच्या नवऱ्याच्या शर्टाला बटण नाही."

"त्याचा काय संबंध?"

नीला उतरू लागली.

गिरजाबाईंची खोली सरूबाईंच्या दाराला दार लावून होती. जाड भिंगाचा चष्मा लावून त्या जमिनीवर बसून शिवत होत्या. पाहुणे आले तरी हात थांबला नाही.

"व्हय, मीच आणली खाली. घडी घातली, दिली."

"टाके पाहिले होते?" नीलाने विचारलं.

"सरूचं टाकं काय बघायचं असतंय?"

दोरा संपला. त्यांनी नवा दोरा घेतला आणि पहिल्याच झटक्यात सुईत ओवला.

"नजर चांगली आहे."

"नजर कुठली, सवय."

शेजारी सुया-दोऱ्यांचा पत्र्याचा डबा उघडा होता. त्यात मेणबत्तीचा एक तुकडा होता, अंगावर बारीक चरे पडलेला.

"मावशी, मेणबत्ती कशाला?" दिग्विजय हसला. "आता कुठं लाईट जाती?"

"असावी घरात." त्यांनी डब्याला झाकण लावलं.

नीला भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली होती. हार घातलेल्या फोटोत सहा-सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या. रंग उडालेला होता. झग्यावरचे पक्षी तेवढे ओळखू येत होते.

"माझी पिंकी," गिरजाबाई मागून म्हणाल्या. "डेंगीनं गेली. अकरा वरसं झाली." मग त्याच सुरात, "सरू म्हणती, बोटं मोडीन. मोडंल. लई जोर हाय तिच्या हातात."

पुढच्या शनिवारी दुपारी नीलाने सगळ्यांना सरूबाईंच्या खोलीत बोलावलं. स्वप्नाली बाळाला घेऊन दाराशीच उभी राहिली. नवनाथ तिच्याजवळ. रश्मी खुर्चीवर, गिरजाबाई भिंतीला टेकून. मधोमध गोधडी पसरली होती.

"सुई सरूबाईंनी घातली नाही," नीला म्हणाली. "मुद्दाम नाही आणि चुकूनही नाही. सुईला वरून निकेलचा मुलामा असतो. मोडली की आतलं पोलाद उघडं पडतं. ही गोधडी दीड दिवस ओली होती. सुई तेव्हा आत असती, तर मोडलेल्या टोकावर गंज आला असता. ते टोक आरशासारखं स्वच्छ आहे. म्हणजे सुई वाळल्यानंतर घातली गेली. सरूबाईंचं शिवणकाम धुण्याआधीच संपलं होतं."

"नंतरही घालता येते," स्वप्नाली म्हणाली.

"येते. म्हणून पुढे बघा."

तिने वाटीत पाणी घेतलं आणि पिवळ्या तुकड्यापासून दूर, लुगड्याच्या तुकड्यावरच्या टाक्यावर ड्रॉपरने एक थेंब सोडला. सुताने तो क्षणात पिऊन टाकला. तसंच शर्टावर. तसंच लुंगीवर. मग तिने पोपटांवर थेंब टाकला.

थेंब टाक्यावर मोत्यासारखा उभा राहिला.

"असे चार टाके आहेत. फक्त चार. कोणीतरी ते उसवले, सुई आत टोक वर करून बसवली, आणि जुन्याच भोकांतून पुन्हा शिवले. म्हणून माप जुळलं आणि आम्ही फसलो. जुन्या भोकांतून न चुकता शिवायला रोजचा हात लागतो. स्वप्नालीला नवऱ्याचं बटण लावता येत नाही."

नवनाथने नकळत सेफ्टी पिन झाकली.

"रश्मीताईंचा दोरा पॉलिएस्टरचा. तो जळला की वितळून त्याची गोळी होते. या चारपैकी एक टाका काढून मी जाळून पाहिला. गोळी झाली नाही, राख झाली. सूतच आहे. मग सूत पाणी का पीत नाही? कारण त्याला मेण लावलंय. नजर अधू झाली की काही जणी दोरा मेणबत्तीवर ओढून ताठ करतात. पहिल्या झटक्यात ओवला जातो. मेणावर चरे मात्र राहतात."

दिग्विजय कपाळावर हात मारून म्हणाला, "आणि मी लाईटचं विचारत बसलो!"

कोणी हसलं नाही. सरूबाई वळल्या. "गिरजा?"

गिरजाबाई भिंतीपासून हलल्या नाहीत.

"या गोधडीला दुसरा हात लागणारच नव्हता," नीला म्हणाली. "तरी तुमचे चार टाके इथे आहेत. आणि बावीस तुकड्यांतून नेमक्या याच तुकड्यावर आहेत. तुमच्या भिंतीवरच्या फोटोत हेच पोपट आहेत."

"गच्चीवर घडी घालताना दिसले," गिरजाबाई म्हणाल्या. "पिंकीचा झगा. खोलीला रंग काढला तेव्हा गाठोडं हिच्याकडं ठेवलं होतं. जपून ठेव म्हटलं होतं."

"गाठोडं आलं की आम्ही कापतो गं," सरूबाई पुटपुटल्या. "दारात येणारं एकेक गाठोडं कापायलाच येतं. तुझंही ढिगात गेलं."

"चूक झाली हे कळलं कधी?" नीलाने विचारलं. "एकवीस तुकड्यांची माणसं तुम्हाला पाठ होती. बाविसाव्यावर बोटसुद्धा ठेवलं नाहीत."

सरूबाईंनी आता बोट पोपटांवर टेकलं. "कापल्यावर. गाठोड्याच्या तळाशी टॉनिकची बाटली निघाली, पिंकीचं नाव लिहिलेली. गिरजा तेव्हा गावाला होती, अर्धा झगा एका गिऱ्हाइकाच्या गोधडीत शिवून झाला होता. गिऱ्हाईक बंगळुरूला घेऊन गेलं. उरला तुकडा टाकवला नाही, म्हणून माझ्या नातीला लावला."

"श्रावणात मी गाठोडं मागितलं," गिरजाबाई म्हणाल्या. "काय म्हणालीस?"

"माळ्यावर आहे, काढते म्हणाले."

"अकरा वरसं धुतला न्हवता मी तो झगा. तिचा वास होता त्याला. तू साबण लावलास." आवाज अजूनही चढला नव्हता. "पोरीचा जीव घ्यायचा न्हवता. तुझ्या मांडीवरनं नात जावी, एवढंच पाहिजे होतं. गेली. चार दिवस मी पोटभर जेवले."

"मी तक्रार देणार," स्वप्नाली म्हणाली. "बाळाला पू झाला होता हो!"

"दे. मी कुठं पळतीय?"

नवनाथ आईजवळ येऊन उकिडवा बसला. स्वप्नाली पुढे झाली आणि तिने दिव्याला सासूच्या मांडीवर ठेवलं.

तेव्हा गिरजाबाई भिंत सोडून पुढे आल्या. गोधडीपलीकडे उभ्या राहून त्यांनी उजवा हात पुढे धरला, बोटं पसरून.

"मोडणार होतीस न्हवं? मोड."

सरूबाईंचे दोन्ही हात बाळाखाली होते. त्यांनी ते काढले नाहीत. "उसवून देते, गिरजा. आत्ता देते. तुझा तुकडा घेऊन जा."

"नको. आता त्याला तुझ्या घरचा वास हाय. राहू दे तिथंच." गिरजाबाईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. "पोरगी मोठी होईल. सवयीप्रमाणं तू एकेक तुकडा दाखवशील, हा कुणाचा, तो कुणाचा. बाविसावा आला की ती विचारंल. तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून सांग."

त्या बाहेर गेल्या. समोरच्या दाराची कडी आतून लागली. दिग्विजयने नीलाकडे पाहिलं. ती वाटीतलं पाणी मोरीत ओतत होती.

मांडीवरून दिव्याचा हात खाली लोंबत गोधडीला लागला आणि मूठ मिटली. मुठीत पिवळं कापड आलं होतं. सरूबाईंनी ते हळूच सोडवायला घेतलं.

बाळाने सोडलं नाही.