अज्जांची पट्टी

श्रावणातला सोमवार. शिवम्मा टँकरवरून पाण्याची घागर घेऊन घरी निघाली होती. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. कचेरीवर नवी पाटी लागली होती, चौकात कमानी उभ्या राहत होत्या. यायचा राहिला होता तो फक्त पाऊस. पोटात उपास, डोक्यावर घागर, पायाखाली तापलेली फरशी. ती मनात म्हणत होती, सिद्धेश्वरा, यातलंच वाटीभर पाणी तुझ्या डोक्यावर धरीन, तेवढ्यावर भागव बाबा.

उंबऱ्याशी आली आणि थबकली. आत तंबोरा वाजत होता, आणि सासरे गात होते.

सासरे, बसलिंगप्पा, उन्हाळ्यातच गेले होते. रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून बसवलं होतं, गळ्यातलं लिंग हातात दिलं होतं आणि मग माती लोटली होती. शिवम्मानं स्वतः पाहिलं होतं.

तिनं आत डोकावलं. तंबोऱ्यापाशी तिची लेक बसली होती, गौरा. तो जाड, खरखरीत, पान खाऊन घोगरलेला आवाज त्या परकऱ्या पोरीच्या गळ्यातून येत होता.

"अव्वा, मी काळी चारला लावते," गौरा म्हणाली. बोलणंही त्याच आवाजात. "तंबोरा आपोआप खाली उतरायलाय. काळी एकला जाऊन थांबतोय. मग मलाबी उतरावं लागतंय..."

काळी चार ही पोरीबाळींची उंच पट्टी. काळी एक खालची, सासऱ्यांची.

नवरा, गुरुलिंगप्पा, दुकानातून जेवायला आला होता. तो ताटावरून म्हणाला, "उन्हानं तारा ढिल्या व्हायल्यात. दुसरं काय?"

"तारा ढिल्या व्हतील. लेकराचा गळा कसा ढिला व्हईल?"

"डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं न्हवं? काय न्हाई म्हणला."

"काय न्हाई म्हणूनच तर भ्या वाटायलंय."

जिल्ह्याच्या वाढदिवसाला पहिलं गाणं गौराचं होतं. पण शिवम्माचा जीव गाण्यात अडकला नव्हता. पोरीचा आवाज रोज थोडा थोडा जात होता, आणि गेलेला परत येत नव्हता. सकाळी गौरा झोपेत हसली, तेही म्हाताऱ्यासारखं.

दुपारी घर सामसूम झालं. गौरा आत झोपली. शिवम्मा जपाला बसली, पण मन लागेना. चिडच यायला लागली. जिवंतपणी तरी या माणसानं कुणाला आपल्या पट्टीत गाऊ दिलं होतं का? मठात भजन असलं की बायांनी काळी एकमध्येच म्हणायचं. निम्म्या बाया बेडकागत डराव डराव करायच्या, निम्म्या ओठ हलवून गप्प बसायच्या. आणि तिनं पिठात हात घातला रे घातला की माजघरातून हाक आलीच, "शिवम्मा, घोटभर पाणी आण." कधी पीठ मळून होईपर्यंत थांबले नाहीत.

तेवढ्यात कोपऱ्यात गुंजल्यासारखं झालं. गवसणी घातलेल्या तंबोऱ्यातून सूर येत होता... बारीक, संथ. पानाचा, काताचा वास आला. घरात आता पान खाणारं कुणी नव्हतं.

तिनं गवसणी काढली. तारा थरथरत होत्या. तारेखाली, घोडीवर, जवारीचा दोरा होता. हा सरकवला की तार नीट गुंजते. आणि तो दोरा शिवम्मानं ओळखला. तो तिनंच दिला होता.

सासरे दर श्रावणात गळ्यातल्या लिंगाचा रेशमी दोरा बदलायचे. जुना मांजरेत सोडायचा. मागच्या श्रावणात मांजरेला पाणीच नव्हतं, म्हणून तो देवघरात राहिला. पंधरवड्यामागं गौरानं जवारीला रेशीम मागितलं, तेव्हा तिनं त्याचेच धागे काढून दिले. म्हटलं, अज्जांचा आशीर्वाद राहील पोरीवर.

"मामा..." तिनं पदर सारखा केला. सासऱ्यांपुढं आवाज चढवायची सवय नव्हती. "चूक माझी हाय. पण तुमीबी काय कमी न्हाईत. समद्यांला आपल्याच पट्टीत वढायचं. लेकरू हाय ते. तिच्या पट्टीत गाऊ द्या तिला. तिचा आवाज तिला माघारी द्या."

तारा थांबल्या. एकदम. ऐकत असल्यासारख्या.

तिनं एकेक धागा काढला, देवघरात ठेवला. आपल्या लग्नाच्या इरकलीच्या काठाचं रेशीम उसवून ते जागेवर सरकवलं. मनात म्हटलं, ऐकतील. एवढं तरी ऐकतील.

दिवेलागणीला गौरानं खुंट्या पिळल्या, काळी चार लावली आणि सा लावला. लख्ख, घासलेल्या तांब्यासारखा. तंबोरा तसूभर उतरला नाही.

"बघ," गुरुलिंगप्पा ओसरीवरून म्हणाला. "ऊन उतरलं की आलं का न्हाई ठिकाणावर?"

"आलं की," शिवम्मा म्हणाली. वाद घालायचं त्राण नव्हतं. डोळे पुसून ती उपास सोडायच्या स्वैपाकाला लागली. पिठात पाणी घातलं, हात घातले. किती दिवसांनी घरात पोरीचा आवाज पोरीसारखा घुमत होता. देवा, ऐकलंस रे.

माजघरातलं गाणं थांबलं. तंबोरा वाजत राहिला. आणि मग गौराच्या त्याच कोवळ्या, लख्ख आवाजात, बरोबर काळी चारमध्ये, हाक आली.

"शिवम्मा... घोटभर पाणी आण."