अकरा मात्रा

सन १९३६च्या फाल्गुनात लाँच मोरा बंदराला लागली, तेव्हा कोकिळा वर्दे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर अजून धुमसत होती. गिरगावात तिचा मुलींचा नृत्याचा वर्ग होता. तिथे बसवलेल्या तिच्या नव्या रचनेवर कुणी लिहिलं होतं, की मिठागरात चिखल तुडवणं हा नाच असेल, तर उद्या मोरीतलं धुणंही कला ठरेल. लिहिणाऱ्याने आपलं नावही घातलं नव्हतं. कोकिळेने तो कागद चुरगळून खाडीत टाकला आणि पाचही मुलींना धक्क्यावर उतरवून घेतलं.

उरणहून न्हावा-शेव्याच्या अंगाला गेलं की खाजणाच्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या, कडेला मोरखार नावाचं गाव लागे. गेल्या मार्गशीर्षात ती तिथे दहा दिवस राहिली होती. पावसाळा सरला की मिठागरातल्या वाफ्यांचे तळ नव्याने घट्ट करावे लागत. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरत आणि टाचांनी चिखल तुडवत सकाळपासून उन्हं कलेपर्यंत पुढे-मागे सरकत. तळ पाटीसारखा टणक झाला म्हणजे मगच त्यात खाडीचं पाणी घ्यायचं. कोकिळा बांधावर बसून वहीत त्यांची पावलं उतरवून घेई. त्यातूनच तिने ही रचना बांधली. ढोलकी नाही, पेटी नाही. फक्त पावलं, आणि मुली तोंडाने मोजतील त्या मात्रा. ज्या बायकांची ती पावलं, त्यांना एकदा हे दाखवायचं, एवढ्यासाठी ती आली होती.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. या रचनेतला एक तुकडा तिचा नव्हता.

पौषात तालीम चालू असताना रांगेच्या टोकाची रंगू अचानक रांग सोडून वळली होती. सोळा वर्षांची, ठाकूरद्वारच्या शिंप्याची ही मुलगी जन्मात कधी खाजणात उतरली नव्हती. तिने दोन्ही तळवे छातीशी उभे धरले, एकेक पाऊल मागे घेतलं, गुडघ्यांवर आली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. सगळं मिळून अकरा मात्रा.

"हे कुठून आणलंस?" कोकिळेने रागावून विचारलं.

"बाई, तुम्हीच तर काल दाखवलंत," रंगू म्हणाली. बाकीच्या चौघींनीही माना हलवल्या.

कोकिळेने वही उघडली. तिच्याच अक्षरात, तिच्याच खुणांनी तो तुकडा लिहिलेला होता. लिहिल्याचं तिला आठवेना. ती डॉक्टरांची मुलगी, उगाच घाबरणारी नव्हे. थकव्यात माणूस काय काय करतो, असं तिने मनाशी म्हटलं आणि तुकडा काढून टाकला. पण तो काढला की पुढच्या सगळ्या पावलांचा ताल मोडे. दोनदा काढला, दोनदा परत घालावा लागला. रंगूच्या समोर माणूसभर जागा मोकळी ठेवावी लागे. तळवे कुणावर तरी उगारल्यासारखे दिसत. तिथे कोण हवं, हे मात्र कोकिळेला सुचलं नाही.

मिठागराचा मुकादम हरेश्वर, चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड. त्याने मुलींसाठी शहाळी आणवली. काम सुटल्यावर चार वाजता नाच दाखवायला मालक शेठजींची हरकत नाही, असंही सांगितलं.

"पण बाईसाहेब, ह्या बायांना नाचातलं काय कळतंय? यांचं आपलं चिखलाशी काम."

"नाच त्यांचाच आहे," कोकिळा म्हणाली. "मी फक्त जुळवलाय."

तो हसला. ते हसू तिला अजिबात आवडलं नाही.

मीठ काढून घेतलेला एक कोरडा वाफा त्यांनी झाडून दिला होता. चहूबाजूंना मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना खुपत होते. ओहोटी लागली होती, चिखलाचा खारट, कुबट वास येत होता. पस्तीसेक बायका बांधावर बसल्या. मधोमध म्हातारी सखुबाई होती. मार्गशीर्षात तिनेच कोकिळेला आपल्या झोपडीत ठेवून घेतलं होतं; तिथे खेळणारी लहान पोर तिची नात असावी, असं कोकिळेने धरलं होतं. मुकादमाने समोर खुर्ची टाकली.

मुली अनवाणी उभ्या राहिल्या. पावलं सुरू झाली.

पहिल्यांदा बायका हसल्या. मग ओळख पटली, तसे त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे पाय बसल्या जागी हलू लागले. एकीने पदर डोळ्यांना लावला. कोकिळेचा सगळा राग उतरला. त्या वर्तमानपत्रवाल्याला इथे आणून बसवायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

मग रंगू वळली.

बांधावरची हालचाल थांबली. सखुबाई उठून उभी राहिली. तिच्यामागोमाग एकेक करत सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

एक, दोन, मुली मोजत होत्या.

मुकादम खुर्चीतून उठला.

तो वाफ्यात उतरला. त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. त्याचं पाऊल मुलींच्या मात्रेवर पडत होतं. रंगू मागे सरे, तो तेवढंच पुढे सरे. सहाव्या मात्रेला त्याचा डावा हात तिच्या मानेमागे गेला. हात तिला लागला नाही, वीतभर वरच राहिला. रंगू गुडघ्यांवर आली तसा तोही वाकला, आणि हाताने खाली, खाली दाबत राहिला.

त्याचा चेहरा साधा होता. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा.

अकरा.

रंगूचं कपाळ जमिनीला टेकलं होतं. मुकादमाने हात धोतराला पुसला, वळला, खुर्चीत येऊन बसला.

"झालं का?" त्याने इकडेतिकडे पाहत विचारलं. "चांगलं आहे. पण ह्या उभ्या का राहिल्या?"

आपण जागचे उठलो होतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बायका घरी गेल्या. दिवेलागणीच्या आत सखुबाईने कोकिळेला झोपडीत बसवलं.

"बाय, तुला केसरचं कोनी सांगितलं?"

"कोण केसर?"

तिला खरंच ठाऊक नाही, हे सखुबाईला पटलं. मग सांगू लागली. केसर त्यांच्या रांगेत टोकाला असायची. मुकादम एका कोवळ्या पोरीच्या मागं लागला होता. केसरने त्याला चार बायांदेखत सुनावलं. म्हणाली, शेठच्या कानावर घालते. दोन वर्षांमागच्या मार्गशीर्षात, दुपारची सुट्टी झाल्यावर ती पलीकडच्या वाफ्यात पालथी सापडली.

"पानी किती होतं म्हाईत हाय? घोट्याएवढं. पोलिसांनी लिवलं काय, तर पाय घसरून बुडाली."

"आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

"कोनी बघितलं न्हवतं, बाय. काय बोलायचं? आज बघितलं."

कोकिळेला रात्रभर डोळा लागला नाही. घोट्याएवढं पाणी. आणि 'पाय घसरून बुडाली' हे शब्द कुणीतरी शाईने लिहिले होते, कुणीतरी खाली सही केली होती, आणि दोन वर्षं तो माणूस त्याच बायकांच्या रांगेवर उभा राहून हुकूम सोडत होता.

सकाळी ती चौकीवर गेली. फौजदाराने सगळं नीट ऐकून घेतलं, दौतीचं झाकण लावलं.

"म्हणजे मुकादम तुमच्या नाचात येऊन नाचला. याचा पंचनामा कसा करायचा, बाई?"

"घोट्याएवढ्या पाण्यात बाई बुडते, त्याचा केलात ना? तसाच."

फौजदाराचं हसू मावळलं. त्याने बाहेर उभ्या शिपायाला हाक मारली आणि बाईंना लाँचची वेळ सांगायला सांगितलं. ती दारातून वळून म्हणाली, "हा नाच मी बंद करणार नाही. मुंबईत करीन, अलिबागेत करीन, पेणला करीन. दर ठिकाणी त्याचं नाव आणि तिचं नाव सांगून करीन."

दुपारच्या लाँचला गर्दी नव्हती. चार मुली कठड्याशी उभ्या राहून वाऱ्यावर केस सोडून गप्पा मारत होत्या. रंगू बाकावर एकटीच बसली होती. कालपासून ती फारसं बोललीच नव्हती. कोकिळा तिच्याजवळ बसली, कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"बरं वाटत नाही का ग?"

रंगूने मान वळवली. किनारा मागे सरत होता, तिकडे ती बघत राहिली.

"माजी पोर कुनाकडं हाय?" तिने हळूच विचारलं.

"काय म्हणालीस?"

रंगूने तिच्याकडे पाहिलं. "काही नाही बाई. तहान लागलीय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. पाणी प्यायली आणि भाऊचा धक्का येईपर्यंत कोकिळेच्या खांद्यावर झोपली.

केसरला मूल होतं, असं सखुबाई बोलली नव्हती. कोकिळेने त्याच संध्याकाळी तिला कार्ड टाकलं. एवढंच विचारलं, की केसरला मुलगी होती का, आणि असली तर आता कुठे आहे. लाँचवरचं काहीच लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर शाळेतल्या मास्तरांचं होतं, शब्द सखुबाईचे.

"पोर माज्याकडं हाय. चालाया-बोलाया लागली. तिला सांग."